ब्लाहोवाबाईंची तिसरी वाटी

सोमवारचं टपाल आलं की आमच्या टेबलावर काड्यापेट्यांचा ढीग व्हायचा. काड्यापेट्या, औषधाच्या गोळ्यांच्या डब्या, एकदा तर खसखशीचा डबा. आत कापसावर किंवा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेली लेन्स. वाळलेली. वाळल्यावर ती माशाच्या खवल्यासारखी होते. आकसलेली, कडक, कडेनं वळलेली. बोटानं जरा दाबली तर टचकन मोडते. पाण्यात सोडली की अर्ध्या तासात फुगते, मऊ होते आणि कुणाच्या तरी डोळ्यात जायला पुन्हा तयार होते.

निदान लोकांना आम्ही तसं सांगितलं होतं.

सांगणाऱ्या म्हणजे हेदविका ब्लाहोवाबाई. पेत्रिनीच्या चढावर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी या मऊ लेन्स बनवणारी आमची संस्था आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर सहा वर्षं मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. मी नोकरीला लागले तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास होत्या आणि पाच वर्षं एकच काम करत होत्या. सकाळी लेन्स खारट पाण्यात सोडायची. अर्ध्या तासानं काढून तिची सावली पडद्यावर पाडायची, सावलीचं माप घ्यायचं, कड तपासायची. मग चिमट्यानं उचलून काचेवर ठेवायची आणि वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका लेन्सला असं तीस वेळा. मग नवं मिश्रण यायचं, थोडं जास्त पाणी धरणारं, थोडं जास्त मऊ, आणि त्या पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

"घरी धुणं वाळत घालायचं, इथं हे," त्या म्हणायच्या. "फरक एवढाच की धुणं कोरडं झालं की कपाटात तरी जातं."

मिठाच्या पाण्यानं त्यांच्या बोटांची कातडी फाटायची. हिवाळ्यात त्या प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी लावायच्या आणि चिमटा तरीही हलत नसे. त्यांनी स्वतः कधी लेन्स लावली नाही. नजर चांगली होती, असंच त्या सांगायच्या. पण दुपारी तीननंतर डोळे मिटून पाच मिनिटं बसल्याशिवाय त्यांना शेवटची मापं घेता येत नसत.

त्यांच्या तक्त्यातलं एक वाक्य छापील पत्रकावर गेलं होतं. लेन्स तीस वेळा वाळवून भिजवली तरी मूळ मापाला येते. चुकून वाळली तर घाबरू नका, एवढाच त्याचा अर्थ होता. पत्रकात पुढं कृतीही होती. पाणी उकळून घ्या, त्यात इतकं मीठ घाला, लेन्स त्यात ठेवा.

पण आमच्या लोकांना एखादी गोष्ट वाळवता येते असं कळलं की ती वाळवायचीच असते. ऑगस्टपासून प्रत्येक स्वयंपाकघरात दोऱ्यावर अळंबी टांगलेली असतात, रेडिएटरवर सफरचंदाच्या चकत्या असतात, आणि हिवाळाभर ते सगळं भिजवून खायचं असतं. शुक्रवारी दुपारी अर्धं शहर आपापल्या रानातल्या झोपडीकडं निघतं. तिथं वीज नाही, उकळलेलं पाणी, उकळलेली बाटली हा कारभार कोण करणार? मग लोक शुक्रवारी लेन्स काढून बशीवर वाळवत, काड्यापेटीत ठेवत, जुना चष्मा लावून रानात जात, आणि रविवारी संध्याकाळी परत येऊन पेल्यात भिजत घालत. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना आपोआपच सुचलं.

काही महिन्यांनी त्या लेन्सवर पांढरे ठिपके यायचे. मग काड्यापेटी आमच्याकडं.

तक्रारींच्या वहीत दोन रकाने होते. दोष आमचा, किंवा दोष वापरणाऱ्याचा. पहिल्यात नाव पडलं तर दोन आठवड्यांत नवी जोडी. दुसऱ्यात पडलं तर नव्या लेन्ससाठीच्या रांगेच्या शेपटाला; वर्ष, सव्वा वर्ष. ब्लाहोवाबाई प्रत्येक लेन्स भिंगाखाली धरायच्या. कड फाटलेली असली तर पहिला रकाना. पांढरे ठिपके असले तर दुसरा. कारण त्यांच्या तीस वेळांत कधी ठिपका आला नव्हता. लोकांनीच काहीतरी केलं असणार.

चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टच्या शेवटी, एका मंगळवारी, दारात एक बाई उभी राहिली. रुंद खांदे, हातात पिशवी, डोळ्यांवर सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. दाराची कडी शोधताना तिचा हात दोनदा हवेत गेला.

"इथं ब्लाहोवा कोण? मला 'दोष वापरणाऱ्याचा' लिहून पाठवलं, ती?"

"मीच," ब्लाहोवाबाई मान वर न करता म्हणाल्या. "या. पण बूट काढा आधी. पाहुण्यांच्या सपाता डाव्या हाताला आहेत."

"मला डावीकडचं काहीच दिसत नाहीये, तेच सांगायला आलेय!"

मी उठून तिच्या पायाशी सपाता सरकवल्या. तिचं नाव अनेश्का गालुश्कोवा. मोराव्यातल्या, लुहाचोवित्सेच्या पलीकडच्या एका खेड्यातली. रात्रभर गाडीत बसून आली होती. पिशवीतून तिनं कागदात गुंडाळलेले कोलाचे, आलुबुखारा भरलेले गोड पाव, काढले, टेबलावर ठेवले आणि लगेच म्हणाली, "हे लाच नाहीत. मला भांडायचंय. पण रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नसतं."

"भांडा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "रादके, चहा ठेव."

अनेश्का अकरा वर्षं कारखान्यात क्रेन चालवत होती. वीस मीटर वर काचेची खोली, खाली आकड्याला सहा टनांचं लोखंड, आणि त्याच्याही खाली माणसं. दरवर्षी डोळ्यांची परीक्षा. या वर्षीची सतरा सप्टेंबरला. तिच्या नंबरचा चष्मा क्रेनवर चालत नव्हता आणि ते बरोबरच होतं, असं तीच म्हणाली.

"यातून मला सरळ रूळ विळ्यासारखा वाकडा दिसतो. मीच मला वर बसू देणार नाही."

"आणि नापास झालात तर?" मी विचारलं.

"तर खाली. भांडारात हातमोजे वाटायचे." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "पगार फार कमी होतो असं नाही. पण वर मला कुणी काही बोलत नाही गं. नवरा नाही, मुकादम नाही, सासू नाही. आठ तास. मी हात हलवला की लोखंड हलतं. खाली काय, खाली सगळेच बोलतात."

ब्लाहोवाबाईंनी तिची काड्यापेटी शोधून काढली होती. दोन लेन्स, पाण्यात सोडलेल्या, दोन्हींवर तांदळाच्या कण्यांसारखे ठिपके. त्या भिंगातून बघत राहिल्या.

"पाणी कुठलं वापरलंत?"

"आमच्या झऱ्याचं."

"मीठ घालून?"

"मीठ कशाला? मुळातच खारट पाणी आहे ते. घसा धरून, पोट धरून कुठून कुठून लोक येतात प्यायला. माझ्या आजीनं त्यानं गावातल्या निम्म्या पोरांचे डोळे धुतलेत. त्यात आणि दुकानातलं मीठ घालू?"

"उकळलं होतं?"

"उकळलं होतं! अडाणी वाटले का मी?"

"डिस्टिल्ड पाणी मिळतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रंगाच्या दुकानात मिळतं. बाटलीत."

"ते? ते आमचे हे मोटारीच्या बॅटरीत घालतात." अनेश्कानं माझ्याकडं साक्षीला बघितलं. "बॅटरीचं पाणी डोळ्यात घालू? आणि तुमच्या पत्रकात कुठं लिहिलंय तसं? दाखवा."

मला हसू आलं. ब्लाहोवाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पत्रक ओढून घेतलं आणि स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा वाचावं तसं वाचलं. पाणी उकळून घ्या. कुठलं पाणी, ते नव्हतं.

"किती वेळा वाळवल्या होत्या?"

"एकवीस. दर शुक्रवारी. मार्चपासून मोजत होते. तुमचे तीस आहेत ना? तिसाव्यानंतर थांबणारच होते."

ब्लाहोवाबाईंनी पत्रक खाली ठेवलं. लोक आमचं ऐकत नाहीत, असं आम्ही सहा वर्षं एकमेकींना सांगत आलो होतो. ही बाई आमचा शब्द न् शब्द पाळून आंधळी होऊन बसली होती.

"पाणी आणलंय का बरोबर?" ब्लाहोवाबाईंनी विचारलं.

तिनं दोन बाटल्या आणल्या होत्या. एक प्रवासात प्यायला, एक आम्हाला त्याचा चांगुलपणा दाखवायला.

"दोन्ही ठेवून जा. मी काही वचन देत नाही."

"मग काय देताय?"

"पत्र पाठवीन."

"पत्रं मला आता वाचता येत नाहीत," अनेश्का म्हणाली. "तार करा. तार मुलगी वाचून दाखवील."

ती गेल्यावर बाईंनी फोन उचलला. एक तारखेपासून त्यांची दोन आठवड्यांची सुट्टी होती; साझावा नदीकाठी बहिणीची झोपडी, अळंब्यांचे दिवस. वर्षात त्या तेवढ्याच सुट्टीची वाट बघायच्या. "नाही जमत," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "नाही, आजारी नाही. काम आहे… तेच काम, दुसरं कुठलं? तुझी तू वेच. विषारी वेचू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर काचेच्या तीन वाट्या होत्या. एकाच घाण्यातल्या नव्या लेन्स, प्रत्येक वाटीत चार. पहिलीत नेहमीचं, डिस्टिल्ड पाणी आणि मीठ. दुसरीत अनेश्काचा झरा. तिसरीवर नुसता आकडा होता.

"तिसरीत काय आहे?"

"बघू," त्या म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

रोज एक वेळ. संध्याकाळी निघताना वाळत घालायच्या, सकाळी भिजवायच्या. पंखा लावून दिवसात दोनदा करता आलं असतं, मी तसं सुचवलंही. "लोक पंखा लावतात का?" त्यांनी विचारलं. शनिवार आला, रविवार आला. पहारेकरी कुरकुरत दार उघडायचा. इमारतीत पाण्याच्या नळ्यांचा आवाज सोडून काही नसायचं. एका रविवारी मी मुद्दाम गेले. बाई पाय उलट्या खोक्यावर ठेवून बसल्या होत्या, घोटे सुजलेले, सपाता बाजूला. आदल्या दिवशीचे बटाट्याचे गार घावन आम्ही कागदावरूनच खाल्ले.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"येऊन गेला कधीच. आता नुसती मी येते."

मग काचेकडं बघत त्या म्हणाल्या, "मला वाटायचं मी लेन्सची परीक्षा घेतेय. आपण किती स्वच्छ पाणी वापरायचो गं. इतकं स्वच्छ पाणी कुणाच्या घरी येतं?"

सहाव्या वेळी दुसऱ्या वाटीतल्या लेन्स धुरकट झाल्या. काचेवर श्वास टाकल्यासारख्या, पण तो पुसला जाईना. आठव्या वेळी पहिला ठिपका. दहाव्या वेळी ठिपक्यापाशी कड चिरली. लेन्समधलं पाणी उडून जातं, पण पाण्यात जे असतं ते जात नाही. ते मऊ जेलमध्ये जागा धरून बसतं, पुढच्या खेपेला आणखी थोडं येतं. लेन्स बिचारी दर वेळी फुगून मूळ मापाला यायचा प्रयत्न करते आणि त्या खड्याभोवती ताणली जाते. झऱ्याच्या पाण्यात ते लवकर झालं, एवढंच.

पहिली वाटी बाराव्या वेळीही नितळ होती.

बाराव्या सकाळी ब्लाहोवाबाईंनी तिसऱ्या वाटीतली लेन्स भिंगाखाली ठेवली आणि उठून मला बसायला सांगितलं. मी पाहिलं. कडेला, अगदी बारीक, एक पांढरा कण. शेजारी दुसरा.

"हे कुठल्या झऱ्याचं?" मी विचारलं.

"माझ्या घरचा नळ. उकळून, मीठ घालून. पत्रकाप्रमाणे." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "एकशे बेचाळीस जण आहेत त्या दुसऱ्या रकान्यात. रात्री मोजले."

त्यांना आनंद झाला नव्हता. कुणीतरी मोठं ओझं आणून दारात ठेवावं आणि ते आपलंच निघावं, तसा त्यांचा चेहरा होता.

विभागप्रमुख इंजिनिअर रेझेक वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं परदेशी पाहुणे यायचे, वरून फोन यायचे, त्यांच्या खिशात कायम पोटाच्या गोळ्या असायच्या. त्या सोमवारी आम्ही दोघी गेलो. त्यांनी तक्ता पाहिला, पहिला उभा रकाना, दुसरा, आणि तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का केलंत?"

"माझ्या घरी तेच पाणी येतं, साहेब."

त्यांनी एक गोळी तोंडात टाकली. "ब्लाहोवाबाई, हे बघा. त्या क्रेनवाल्या बाईंचं काम खरं आहे. परीक्षा सतराला ना? रीतसर 'दोष आमचा' लिहिलंत तर जोडी निघायला दोन आठवडे लागतील, म्हणजे परीक्षा गेली. त्यापेक्षा मी चिठ्ठी देतो. चाचणीसाठी वापरणाऱ्या म्हणून त्यांचं नाव घालू, नमुन्यांतली जोडी आजच काढा. झालं? आणि ही तिसरी वाटी ओतून टाका. खारट झऱ्याचं पाणी वापरू नका, अशी एक ओळ पत्रकात घालू. वेडं पाणी होतं, संपला विषय."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे रांगेत आहेतच. आज ना उद्या मिळेल त्यांना." ते थांबले. "एकशे बेचाळीस जोड्या मी आणू कुठून? पाच महिन्यांनी तुम्ही पेन्शनवर जाल. हे सगळं माझ्या डोक्यावर. थकलात तुम्ही, दिसतंय मला. दोन आठवडे बहिणीकडं जाऊन या."

मला वाटलं, बाई आता बोलतील. त्या टेबलाकडं बघत राहिल्या. रेझेकसाहेबांनी चिठ्ठी लिहिली, सही केली, शिक्का मारला. बाईंनी ती घेतली, घडी केली, झग्याच्या खिशात ठेवली.

जिन्यात मी विचारलं, "ओतून टाकायची वाटी?"

"आधी तार कर," त्या म्हणाल्या. "गुरुवारी ये म्हणावं."

गुरुवारी अनेश्का आली. या वेळी कोलाचे नव्हते, धुरावलेलं मांस होतं, आणि तेही लाच नव्हतं. आरशासमोर बसून तिनं जाड चष्मा काढला. तिचे खरे डोळे लहान आणि फिकट होते, पापण्या लाल. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन तिनं पहिल्याच खेपेला लावली, सवयीचा हात. दुसरी लावली. मग डोळे मिटून बसली.

"टोचतंय का?" ब्लाहोवाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग उघडा."

"थांबा जरा. उघडले आणि तसंच असलं तर?"

"तसंच असलं तर तसंच आहे. मिटून ते बदलणार नाही."

अनेश्कानं डोळे उघडले. खिडकीतून समोरच्या इमारतीकडं बघितलं आणि बघतच राहिली. "तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी उशी वाळत टाकलीय," ती म्हणाली. "निळ्या फुलांची. एक कोपरा उसवलाय."

मला ती फुलंही दिसत नव्हती.

मग बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. डिस्टिल्ड पाणी. फक्त तेच. शुक्रवारी वाळवायची नाही. बाटली बरोबर न्यायची, झोपडीत, रानात, जाल तिथं.

"आणि झऱ्याचं?"

"ते प्या."

"माझ्या आजीला काय सांगू?"

"आजी आहेत अजून?"

"नाही. पण तिला सांगायला तर लागेल."

"सांगा, लेन्स आमची नाजूक निघाली. पाणी चांगलंच आहे."

अनेश्कानं त्यांचा हात धरला आणि तो फाटक्या बोटांचा हात उलटा करून, आता दिसत होतं म्हणून, नीट पाहिला. "बाई, याला चरबी लावा हो. हंसाची," एवढंच ती म्हणाली.

बुधवारी तार आली. पास. चौदा नंबर क्रेनवर पुन्हा रुजू.

ब्लाहोवाबाईंनी तार वाचली, मला दिली, सपाता बदलून बूट घातले, बुटांची नाडी बांधली. साहेबांच्या ऑफिसात जायचं असलं की त्या बूट घालायच्या. मी मागोमाग गेले. तक्ता त्यांनी नव्यानं लिहून काढला होता. तिन्ही रकाने, बाराच्या बारा ओळी, खाली एक वाक्य: वहीतल्या एकशे बेचाळीस नोंदींमध्ये दोष वापरणाऱ्याचा नाही. त्याखाली सही. एक प्रत त्यांनी जाता जाता संस्थेच्या टपालात टाकली, पत्रक छापणाऱ्यांच्या नावे. दुसरी रेझेकसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"आपलं ठरलं होतं."

"तुम्ही बोललात, साहेब. मी चिठ्ठी घेतली."

"ही फसवणूक आहे."

"आहे."

"पाच महिने! पाच महिने गप्प बसवत नव्हतं? एवढी ताकद आहे का अजून भांडायची?"

"भांडायची ताकद असती तर त्याच दिवशी भांडले असते," ब्लाहोवाबाई म्हणाल्या. "नाहीये म्हणूनच लिहून दिलं. आता जाऊ?"

दुसऱ्या आठवड्यात मापं घेण्याचं काम माझ्याकडं आलं आणि बाईंना तळमजल्यावर काचसामान धुवायला पाठवलं. शिक्षा असं कुणी म्हणालं नाही. मनुष्यबळाची फेररचना, असा कागद होता. संध्याकाळी त्या वर यायच्या आणि आम्ही वही घेऊन बसायचो. मी नाव वाचायचे, त्या दुसऱ्या रकान्यातली रेघ खोडून पहिल्यात रेघ मारायच्या, बाजूला आद्याक्षरं. काही नावांवर त्या थांबायच्या. "हा ब्रनोचा शिक्षक. याला मी दोनदा उत्तर पाठवलं होतं. नीट वाचा म्हणून." मग रेघ मारायच्या. तीन संध्याकाळी लागल्या.

साहेबांनी त्या पानांवर नोव्हेंबरपर्यंत सही केली नाही. मग केली, का केली ते आम्हाला कळलं नाही. नवं पत्रक निघालं, त्यात 'तीस' नव्हतं. जोड्या पाच-पाच, दहा-दहानं जायला लागल्या. रांगेतले बाकीचे लोक मागं ढकलले गेले आणि त्यांची चिडलेली पत्रं माझ्या टेबलावर आली. त्यांचंही चुकत नव्हतं.

फेब्रुवारीत ब्लाहोवाबाई गेल्या. निरोपाला कॉफी होती, दोन केक होते. रेझेकसाहेबांनी छोटं भाषण केलं आणि त्यांच्याकडं न बघता फुलं दिली. बाई बहिणीकडं साझावाकाठी राहायला गेल्या.

शेवटची जोडी मार्चच्या अखेरीला निघाली, ब्रनोच्या त्या शिक्षकाची. डबी मी स्वतः बांधली आणि झोपडीजवळच्या टपाल कचेरीत फोन लावला. कुणीतरी त्यांना बोलवायला गेलं. खूप वेळानं फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू आला. चढ होता बहुतेक.

"बाई, झाले सगळे," मी म्हणाले. "एकशे बेचाळीस."

"बरं," त्या म्हणाल्या. मग, "रांगेतल्यांना किती उशीर झाला?"

"चार महिने. काहींना पाच."

"हं."

तारेत खरखर होत होती.  त्यांनी विचारलं, तिकडं बर्फ वितळलं का. मी म्हणाले, अजून नाही.